मास्तरांचा डावा पाय

मास्तर ड्रायव्हिंग शिकवायचे. म्हणजे शिकवायचे कमी आणि झापायचे जास्त. ती छपरावर पाटी लावलेली पांढरी गाडी चौकात वळली की पानटपरीवरचे लोक हातातलं काम सोडून ऐकायला उभे राहायचे. "क्लच! क्लच दाब! अरे, क्लच म्हणजे काय सासऱ्याचे पाय आहेत का, असा हळूच दाबतोयस?" शेजारी डॉक्टर बसलेला असो, वकील असो, लग्न ठरलेली पोरगी असो, मास्तरांना कोणाचं काही नव्हतं. स्टीअरिंगवर हात चुकला की प्लास्टिकची पट्टी बोटांवर. कोणाला रडू आलं तर गाडी कडेला घ्यायला लावायचे, त्याचं रडून होईपर्यंत स्वतः खिडकीबाहेर बघत बसायचे, आणि मग म्हणायचे, "झालं? टाक आता फर्स्ट."

लोक मास्तरांना नावं ठेवतात. खुशाल ठेवा. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसानं रस्त्यावर कोणाला उडवलंय असं एक उदाहरण दाखवा. नाही सापडणार. मास्तर तोंडाचे घाण होते, कामाचे नव्हते.

शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच असतो, शिकवणाऱ्यासाठी. मास्तरांचं अख्खं आयुष्य त्या डाव्या सीटवर गेलं. शिकणारा गडबडला की यांचे पाय आधी धावायचे. त्यातही डावा. तो डावा पाय मास्तरांना विचारायचाच नाही. घरात टीव्ही बघताना पडद्यावर एखादी गाडी जोरात वळली तरी धाडकन फरशीवर आपटायचा. खालच्या मजल्यावरची बाई जिना चढून भांडायला यायची. मास्तर तिला सांगायचे, "मी नाही, पाय." बाई म्हणायची, "मग पायाला बोलवा बाहेर."

ड्रायव्हिंग स्कूलचा म्हातारा मालक गेला आणि त्याचा मुलगा खुर्चीत बसला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. त्यानं मास्तरांना आत बोलावून फोन पुढे धरला. लोकांनी स्कूलबद्दल काय काय लिहिलं होतं ते त्यात होतं. एकानं लिहिलं होतं, 'गाडी आली, झोप गेली.'

"गाडी आली ना?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, आता जमाना वेगळा आहे. कस्टमरशी गोड बोलावं लागतं."

"गोड बोलून ट्रक थांबतो का समोरचा?"

झालं. मास्तर घरी.

घरी बायको होती, आणि बायकोला एक भाऊ होता. त्याचं गाद्यांचं दुकान होतं, बाजारातल्या मोठ्या रस्त्यावर, काचेचं. हा मेहुणा म्हणजे तोंडावर कायम हसू आणि पोटात काय ते त्याचं त्याला माहीत. वर्षानुवर्षं मास्तरांनी त्याला चारचौघांत 'गादीवाला' म्हणून हिणवलं होतं. आता त्यानं निरोप पाठवला, 'दाजींसाठी जागा राखून ठेवलीय.'

"बसून काम आहे," बायको म्हणाली. "एसी आहे. डोक्याला ताप नाही."

"त्याच्या हाताखाली? त्यापेक्षा मी गटारं उपसेन."

"उपसा. पण घरात बसून त्या पायानं फरशी फोडू नका. महिना संपेपर्यंत दुसरं काही बघा, नाही तर मी भावाला हो म्हणून सांगते."

बायको एकदा बोलली की बोलली. मास्तर दुसऱ्या दिवसापासून शहरभर वणवण फिरले. ट्रकवाल्यांनी वय विचारलं. शाळेच्या बसवाल्यांनी 'तुम्ही तेच ना?' विचारलं. शेवटी टायरच्या दुकानात कळलं की डोंगरावर मोबाईलचे टॉवर उभे करणारी कंपनी ड्रायव्हर शोधतेय. वर रस्ता नाही, नुसती वाट. माणसं आणि सामान जीपनं न्यायचं. ड्रायव्हर येतात, चार दिवसांत पळून जातात.

"का पळतात?" मास्तरांनी विचारलं.

टायरवाला म्हणाला, "वर जाऊन बघा."

कंपनीचं यार्ड शहराच्या पार टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. पत्र्याचं कुंपण, आत डिझेलची पिंपं, लोखंडी अँगलचे ढीग, आणि चिखलानं इतक्या माखलेल्या जीपा की रंग कोणता ते खरवडून बघावं लागावं. एका जीपखाली कोणीतरी झोपून काम करत होतं. मास्तरांनी बुटानं चाकाला टिचकी मारली. "ओ भाऊ, इथला साहेब कुठे?"

खालून एक बाई सरकत बाहेर आली. तिशीची असेल. उन्हानं रापलेली, कोपरापर्यंत ग्रीस. यार्डातले सगळे तिला बॉस म्हणायचे. ती उठून उभी राहिली, मास्तरांकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला.

"ओळखलंत का मास्तर?"

"नाही बुवा."

"मी दगड."

मास्तरांना एकदम आठवलं. कॉलेजातली पोरगी होती तेव्हा. शांत, घाबरट. हाताला पट्टी बसली तरी तोंडातून आवाज नाही. मास्तर तिला दगड म्हणायचे. एक दिवस तिच्या वडिलांना भर रस्त्यात बोलावून त्यांनी तिच्यासमोर सांगितलं होतं, "फी परत घ्या आणि हिला घरी बसवा. कोणाचं तरी पोर मरेल हिच्या हातून."

"मग?" मास्तर म्हणाले. शरम वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती. "मेलं का कोणाचं?"

"अजून नाही. तुम्हाला बसवलं तर सांगता येत नाही."

मागे एक वेल्डर सिलिंडर उतरवत होता, तो फस्सकन हसला. बॉस हसली नाही.

"मला तुमचं तोंड बघायची इच्छा नाही मास्तर," ती म्हणाली. "पण वर माणसं अडकलीत आणि माझ्याकडे ड्रायव्हर नाही. चालवून दाखवा. जमलं तर ठेवीन. नाही जमलं तर तुमच्याच शब्दांत घरी बसवीन."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण डोळ्यांपुढे काचेचं दुकान आलं, आणि ते गप्प बसले. मास्तर गप्प बसले म्हणजे काय, हे यार्डात कोणाला कळलं नाही म्हणून, नाही तर त्यांच्या गल्लीत सुट्टी जाहीर झाली असती.

पहिल्या दिवशी सकाळी जीपच्या मागे वेल्डर आणि त्याची माणसं, पुढे डावीकडे बॉस, आणि स्टीअरिंगवर मास्तर. इतक्या वर्षांनी उजव्या सीटवर. डांबरी रस्ता संपला तिथे बॉसनं थांबवलं आणि गिअरच्या शेजारची दुसरी छोटी दांडी दाखवली.

"ही लो ला टाका. चारही चाकं ओढतील. गाडी मुंगीच्या चालीनं जाईल, जाऊ द्या. आणि अंगठे स्टीअरिंगच्या बाहेर ठेवा."

"काय?"

"अंगठे. मूठ आवळू नका. नुसते तळवे टेकवा."

"मला," मास्तर म्हणाले, "स्टीअरिंग धरायला तू शिकवणार? या हातांनी अर्धं शहर शिकवलंय मी. घट्ट मूठ, दहा वाजून दहा मिनिटं. कळलं?"

बॉसनं समोरच्या दांड्याला घट्ट धरलं.

पहिल्याच वळणावर पुढचं चाक एका धोंड्यावर चढलं, घसरलं, आणि स्टीअरिंग उलटं गर्रकन फिरलं. त्याच्या आतल्या दांडीनं अंगठ्याला असा फटका दिला की मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागून वेल्डर म्हणाला, "किती वाजले मास्तर? दहा वाजून दहाच ना?"

मास्तरांनी अंगठा काखेत दाबला आणि गाडी पुढे नेली.

वर एक कोरडा ओढा लागतो. गाडीएवढाले दगड, मधे वाळूच्या खाचा. या डोंगरावर एक रीत होती. वाईट जागा आली की सगळ्यांनी उतरायचं. ड्रायव्हरनं ती जागा आधी स्वतः पायानं चालून यायची, जाऊन आणि परत, कुठलं चाक कुठल्या दगडावर ठेवायचं ते ठरवायचं, मगच गाडी घालायची. साहेब असो की नवखा, कोणाला माफी नाही.

"उतरा, चालून या," बॉस म्हणाली.

"मला इथून दिसतंय."

"चालून या."

"मी काय मेंढरं वळायला आलोय? बस तू गप."

बॉसनं मागच्यांना खूण केली. सगळे उतरले. तीही उतरली. वेल्डर खिडकीशी वाकला. "मास्तर, गुडघे दुखतात का? सांगा, खांद्यावर घेऊन फिरवतो."

मास्तरांनी रागानं गाडी घातली. पुढची दोन चाकं छान गेली. मग खालून कचकन आवाज आला आणि जीप एका धोंड्यावर पोट टेकून बसली, डबक्यात म्हैस बसते तशी. चाकं हवेत गरागरा फिरतायत, धूर निघतोय, आणि मास्तर गॅसवर पाय देऊन बसलेत.

"बंद करा," बॉस म्हणाली.

सगळं सामान उतरवलं. जॅक लावला. दगड गोळा करून चाकांखाली रचले. ऊन डोक्यावर आलं. माणसं घामानं निथळली, मास्तरांकडे बघून काही पुटपुटली, आणि ते पुटपुटणं चांगलं नव्हतं. मास्तरही दगड उचलायला गेले, तर वेल्डरनं त्यांच्या हातातून काढून घेतला. "राहू द्या. तुम्ही दगड ओळखण्यात चुकता." यार्डात त्यानं 'मी दगड' एवढंच ऐकलं होतं, त्यामागची गोष्ट त्याला सकाळपर्यंत माहीत नव्हती. म्हणजे तेवढ्या वेळात ती अख्ख्या जीपला कळली होती.

जीप निघाली तेव्हा बॉस उजव्या बाजूला चढली आणि मास्तरांना मागे बसवलं, हत्यारांच्या पेटीवर, उलट तोंड करून. खाली परत येईपर्यंत मास्तरांना गेलेला रस्ताच तेवढा दिसत होता.

"परवा अजून एकदा देते," यार्डात ती म्हणाली. "मेहेरबानी नाही. माणूस नाही म्हणून."

घरी बायकोनं सुजलेला अंगठा पाहिला. गरम पाण्यात मीठ टाकून पातेलं पुढे आपटलं.

"भाऊ विचारत होता," ती म्हणाली.

"तुझ्या भावाला सांग, गादीत तोंड खुपसून झोप म्हणावं."

"सांगते. परवानंतर."

दुसऱ्या खेपेला मास्तर ओढ्यापाशी मुकाट्यानं उतरले. चालून गेले, चालून आले. बूट दगडांवर निसटत होते, तोंडात एकेका दगडासाठी वेगळी शिवी होती. पण गाडी पार गेली. अंगठे बाहेर होते. वर टॉवरच्या जागेपर्यंत जीप नेली, माणसं उतरवली, आणि मास्तरांची मान ताठ झाली. मास्तरांची मान ताठ झाली की काहीतरी बिघडतं. हे त्यांच्या बायकोला माहीत होतं, बॉसला नव्हतं.

उतरताना फक्त दोघं. तिथे एक उतार आहे, त्याला माणसं घसरगुंडी म्हणायची. सगळी सुटी खडी. एका बाजूला कडा उभा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खाली, लांबवर, झाडांचे शेंडे.

मास्तर चालून आले. बॉस परीक्षा घ्यायची म्हणून गाडीतच बसली.

"लो, फर्स्ट," ती म्हणाली. "आणि आता नीट ऐका मास्तर. क्लचला अजिबात पाय लावायचा नाही. गाडीला इंजिन धरून ठेवतं. क्लच दाबला की इंजिन सुटलं, इंजिन सुटलं की गाडी सुटली. ब्रेकही कचकन मारायचा नाही, चाकं अडकतात आणि खडीवर स्केटिंग होतं. वाटलं काहीही, डावा पाय वर."

"इंजिन ब्रेकिंग मी तुझ्या जन्माच्या आधीपासून शिकवतोय."

"शिकवणं वेगळं."

गाडी उतरायला लागली. इंजिन घुर्र करत होतं, चाकं खडी कुरकुरत एकेक वीत खाली येत होती. अर्ध्यापर्यंत सगळं झक्कास. मग मागचं चाक जरासं सरकलं. जरासंच. शेपूट हलावं तेवढं.

आणि डावा पाय धावला.

कोणाला विचारलं नाही. इतकी वर्षं ज्याला धावायची सवय, तो धावला. क्लच तळाला. इंजिनचा आवाज एकदम मोकळा झाला, आणि जीप हातातून सुटलेल्या बादलीसारखी खाली निघाली. मग उजवा पाय ब्रेकवर. चारही चाकं लॉक. गाडी आडवी होऊन सरकायला लागली, तोंड कड्याकडे, मागची बाजू त्या काहीच नसलेल्या बाजूला.

"पाय काढ!" बॉस ओरडली.

पाय निघेना. मास्तरांना ऐकू येत होतं, कळतही होतं, पण पाय म्हणजे जसा दुसऱ्याच कोणाचा. बॉसनं हातातला स्टीलचा थर्मास उचलला आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यावर घातला. जीव खाऊन घातला.

"काढ पाय! काढ, म्हाताऱ्या!"

पाय उडाला. इंजिननं गाडी धरली. बॉसनं शेजारून स्टीअरिंग ओढलं, उजवा पायही निघाला, आणि जीप हिसका देऊन सरळ झाली. डावा आरसा कड्यावर घासून तुटला. बाकी गाडी खाली आली, कुरकुरत, जसं काही झालंच नाही.

सपाटीवर मास्तरांनी इंजिन बंद केलं. दोघंही समोर बघत होते. थर्मासला पोचा पडला होता आणि चहा सीटवर सांडला होता.

"तू मला अरे-तुरे केलंस," मास्तर म्हणाले.

बॉसनं मान वळवली. "तेवढंच ऐकलंत तुम्ही?"

"माझ्या मुलीच्या वयाची तू, आणि..."

"उतरा," ती म्हणाली. "मला आई आहे घरी. उतरा, चालत या खाली. आणि उद्यापासून यार्डात दिसू नका. मी म्हणाले होते ना, तुमच्याच शब्दांत सांगीन? घरी बसा. कोणाचं तरी पोर मरेल."

मास्तर डोंगर चालत उतरले, डावा गुडघा ओढत.

गाद्यांच्या दुकानात मेहुण्यानं त्यांचं स्वागत असं केलं की कोणाला वाटावं नवा जावई आलाय. "या दाजी, या! बूट तेवढे बाहेर काढा हं." दाजी मोज्यांवर आत. काम सोपं होतं. गिऱ्हाईक आलं की गादी दाबून दाखवायची. पण अंगठा सुजलेला, दाबता येईना. मेहुण्याच्या डोक्यात लगेच शक्कल आली.

"दाजी, तुम्ही झोपूनच दाखवा ना. वयस्कर माणूस झोपलेला दिसला की गिऱ्हाईकाला विश्वास वाटतो. पाठदुखीचं मॉडेल आहे हे."

मास्तर झोपले. काचेच्या दुकानात, मोठ्या रस्त्याच्या तोंडावर, भर दुपारी. बाहेरून त्यांचे जुने विद्यार्थी गाड्या चालवत जात होते, त्यांनीच शिकवलेल्या गाड्या, आणि सिग्नलला थांबून आत बघत होते. एक जोडपं वाकून त्यांच्याकडे बघत होतं.

"यांना आराम वाटतोय का?" बाईनं मेहुण्याला विचारलं. मास्तरांना नाही, मेहुण्याला.

"एकदम! बघा ना, चेहरा बघा."

तेवढ्यात बाहेर एक टेम्पो रिव्हर्स येताना दुकानाच्या काचेच्या अगदी जवळ आला. मास्तरांचा डावा पाय गादीवर आपटला. धप्प. गादीनं त्यांना वर उडवलं. बाईनं किंकाळी फोडली.

"स्प्रिंग चांगली आहे," मेहुणा म्हणाला.

मास्तर उठून बसले. आपल्या पायाकडे बघत राहिले. घरात फरशीवर आपटला तेव्हा त्यांनी त्याला हसण्यावारी नेलं होतं. आता मोज्यातला तो पाय त्यांना चावऱ्या कुत्र्यासारखा दिसला. त्यानं एका पोरीला जवळजवळ दरीत नेलं होतं. आणि पोरगी चुकली नव्हती, खडीही चुकली नव्हती.

ते दुकानातून निघाले. "दाजी, बूट!" मेहुणा मागून ओरडला. मास्तर फिरले, बूट हातात घेतले, आणि तसेच चालू लागले.

यार्डात बॉस वेल्डरशी बोलत उभी होती. मास्तर समोर जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. आजवर कोणाकडे काही मागायची वेळ आली नव्हती.

"एकदा," ते म्हणाले. "अजून एकदा."

"का?"

"तिथे मला गादीवर झोपवतात."

वेल्डर खदाखदा हसला. बॉसच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"मला वाटलं माफी मागायला आलात."

"नाही."

"बरं झालं. मागितली असती तर हाकललं असतं." तिनं किल्ली काढली, पण दिली नाही. "वरपर्यंत मी नेते. घसरगुंडीवरून तुम्ही आणायची. गाडीत मी बसणार नाही. कोणीच बसणार नाही. गाडी गेली तर कंपनीची जाईल, तुम्ही गेलात तर तुमच्या बायकोचे जाल. आमचं कोणी नाही."

"मान्य," मास्तर म्हणाले.

ती खालच्या वळणावर माणसं घेऊन उभी राहिली. वर मास्तर एकटे. ते आधी तो उतार चालून आले. मग परत चालून गेले, गुडघा दुखत होता तरी. खडी कुठे खोल आहे तिथे बूट खुपसून बघत होते. वेल्डर घड्याळ बघायला लागला. "आज उतरतात का मुक्काम करतात?"

मग जीप सुरू झाली. तोंड खाली केलं. आणि आवाज आला.

"डावा पाय वर!"

सगळ्यांनी माना वर केल्या. गाडीत तर दुसरं कोणी नव्हतं.

"वर म्हटलं ना! तो पाय आहे का देवळाचा खांब? वर घे! क्लचकडे बघू नकोस, क्लचनं तुला लग्नाला बोलावलेलं नाही! मूठ सोड, मुठीत काय मुंग्या धरल्यास? तळवा टेकव, गाढवा!"

मास्तर स्वतःला शिकवत होते. त्याच आवाजात, त्याच शिव्यांनी. दुसऱ्या कुठल्या रीतीनं शिकवता येतं यावर त्यांचा कधी विश्वासच नव्हता. समोरच्या कड्यावर आपटून प्रत्येक शिवी दोनदा ऐकू येत होती.

खालची माणसं पोट धरून हसायला लागली. "अरे, स्वतःचीच आई काढतोय बघ!" बॉस मात्र हसत नव्हती. तिनं दोन्ही हात खिशात घातले होते, आणि खिशात तिच्या मुठी वळलेल्या होत्या. ज्या आवाजानं तिला वर्षभर झोपेतून उठवलं होतं तो आवाज आता डोंगरावरून खाली येत होता, आणि ज्याच्यावर ओरडत होता तो माणूस एकटाच होता.

त्याच जागी आली गाडी. मागचं चाक सरकलं. सगळ्यांचं हसू बंद झालं.

"नाही!" वरून आवाज फाटला. "नाही म्हणतो ना! हलू नकोस! तिथेच ठेव! घाबरलास काय? घाबर! घाबरून बस, पण पाय खाली आला तर कापून टाकीन!" गाडी अजून सरकली, शेपूट त्या रिकाम्या बाजूला. "ब्रेक नको! सोड! जरासा गॅस दे, जरासा, हळू! फिरू दे चाक, धरेल ते! रडतोस काय बावळटासारखा? खाली जाऊन रड! आधी आण गाडी!"

चाकांनी खडी पकडली. जीप सरळ झाली. इंजिन घुर्र करत, एकेक वीत, ती वळणावर आली आणि बॉसच्या पायांपुढे थांबली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मास्तर दार उघडून उतरले. तोंड घामानं आणि आणखी कशानं ओलं होतं. डावा पाय त्यांनी हातानं धरून ठेवला होता.

बॉस गाडीभोवती एक फेरी मारून आली.

"सिमेंट," ती म्हणाली.

"काय?"

"सिमेंटची जीप देते. पोती, खडी, डिझेल. माणसं नाही."

मास्तरांचं तोंड लाल झालं. "मी हमाल आहे का? गाडी आणली ना खाली?"

"एकदा आणली. एकदा दरीत नेत होतात. पोत्यांना आई नसते."

"माणसं कधी देणार?"

"मला वाटेल तेव्हा. नाही वाटलं तर कधीच नाही. पटत असेल तर उद्या उजाडता यायचं."

"आणि पटत नसेल तर?"

"गादीवर झोपा."

मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं की पूर्वीचा कोणी विद्यार्थी असता तर गाडीतून उडी मारून पळाला असता. ती जागची हलली नाही. मास्तरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. तिनं किल्ली हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली. त्यांनी ती उचलली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता यार्डात सिमेंट भरणं चालू होतं. वेल्डर आणि दोन माणसं पोती टाकत होती, मागच्या फळीला लावून, पटापट. मास्तर चहाचा ग्लास घेऊन आले, मागे वाकून बघितलं, आणि ग्लास बॉनेटवर आपटला.

"हे कोणी रचलं?"

"मी," वेल्डर म्हणाला. "का?"

"तुझ्या घरात कपाट असं लावतोस का? सगळं वजन शेपटीला! चढावर पुढची चाकं उचलतील, मग काय तू पुढे जाऊन बसणार बॉनेटवर? काढ. सगळं काढ. पुढच्या सीटला टेकवून लाव."

"मास्तर, अर्धी जीप भरलीय."

"म्हणून तर अर्धीच काढायची आहेत! हल!"

वेल्डरनं पोतं खाली टाकलं आणि लांब डिझेलच्या पिंपापाशी उभ्या असलेल्या बॉसकडे बघून हात पसरले. "बॉस, याला तुम्ही ठेवलाय?"

बॉस पिंपात नळी घालत होती. तिनं वर बघितलंच नाही.

"पोती काढ," ती म्हणाली. "आणि त्याच्या तोंडी लागू नकोस. माझं एक वर्ष गेलंय त्यात."